बीटाच्या ओळीतलं रफू

धाकटी जन्मापासूनच भित्री. दार वाजलं की इतर मुलं रडायला लागतात. ही रडत असली तर एकदम गप्प व्हायची आणि डोळे मोठे करून दाराकडे बघत राहायची. आई म्हणायची, हिला गप्प करायला पाळणा हलवावा लागत नाही, कडी वाजवली की काम झालं. मोठेपणी धाकटीला गाडी वेळेवर येणार नाही याची भीती वाटायची आणि आली की आपण चुकीच्या गाडीत बसलोय याची. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला ती जिन्यावरून तीनदा परत यायची. लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिला इतका ताप भरला की घरच्यांनी तो विषय पुन्हा काढलाच नाही.

पण या भीतीला तिने कामाला लावलं होतं. ती रफूवाली होती. कोणाच्या कोटाला सिगारेटचं भोक पडलेलं असे, कोणाच्या गरम शालीला कसर लागलेली असे, कोणाच्या ठेवणीतल्या पोशाखावर खिळ्याने ओरखडा काढलेला असे. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, ती एकेक धागा उपसून काढायची आणि भोकावर उभे-आडवे धागे असे विणायची की भोक कुठे होतं हे कापडालाही आठवू नये. एकदा एका गिऱ्हाइकाने कोट उजेडात धरून पंधरा मिनिटं न्याहाळला आणि मग गोरामोरा होऊन म्हणाला, हा माझा कोट नाही, माझ्या कोटाला भोक होतं. धाकटीने शेवटी अस्तर उलटून, धागे कुठून काढले ते दाखवलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जायची. त्या माणसाचा चेहरा कसा झाला होता हे मात्र कोणी सांगत नसे.

हे घर दोन बहिणींचं. ताई अडुसष्ट वर्षांची, धाकटी एकसष्टची. भूमापन कचेरीत ताईने छत्तीस वर्षं नकाशे काढले होते. बांध कुठे, विहीर कुठे, वाट कुठून कुठे जाते, हे सगळं कागदावर बारीक शाईने. जमिनीवर आहे ते कागदावर असलं पाहिजे आणि कागदावर आहे ते जमिनीवर. या दोन्हींत फरक पडला की कोणीतरी खोटं बोलतंय, असं तिचं म्हणणं. ताई कोणाला घाबरत नसे. कचेरीतल्या साहेबालाही नाही. उलट साहेबच तिच्या टेबलाजवळून जाताना पावलं हळू टाकायचा. घरात झुरळ निघालं तर धाकटी खुर्चीवर आणि ताई चप्पल घेऊन जमिनीवर, अशी कामाची वाटणी एकतीस वर्षं चालत आली होती.

मग थंडीच्या शेवटी एका सकाळी चहा पिताना ताई साखरेच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती कात्री दे जरा."

धाकटी हसली. ताई हसली नाही. तिच्या हातातला कप एका बाजूला कलला, चहा टेबलावरून तिच्या मांडीवर सांडला, आणि तो गरम आहे हेही तिला कळलं नाही.

मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. नऊ दिवस रुग्णालयात काढून ताई घरी आली. चालायला लागली, बोलायला लागली. एखादा शब्द अधूनमधून दुसऱ्याच्या जागी येऊन बसायचा एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात आणि डोळे एकत्र कामाला लागतील असं काहीतरी करू द्या. बारीक बघायचं आणि ठरवायचं, हे ठेवायचं की काढायचं. दहा आठवड्यांनी पुन्हा बघू.

ताईपेक्षा धाकटा आणि धाकटीपेक्षा मोठा असा एक दादा होता, दूरच्या शहरात राहणारा. तो दोन दिवस रजा काढून आला होता. माणूस वाईट नव्हता. जाताना दारात उभा राहून त्याने धाकटीला सांगितलं की दहा आठवडे बघू, पण तपासणीत गाडी उलटी चाललीय असं दिसलं तर ताईला तो घेऊन जाणार. त्याच्या शहरात अशा माणसांसाठी एक संस्था आहे, स्वच्छ आहे, दिवसरात्र परिचारिका असतात.

"तू एकटी," तो म्हणाला. "भांडं पडलं तरी तुझी बोबडी वळते. तू काय सांभाळणार तिला?"

हे खरंच होतं. त्या दिवसापासून ताईला नेतील ही एक नवी भीती धाकटीला येऊन चिकटली. तिच्या बाकीच्या सगळ्या भित्या या एकीपुढे पोरकट वाटायला लागल्या.

घरामागे अकरा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद अशी जागा होती. फुटक्या कौलांचा ढीग, एक गंजलेली बादली आणि गुडघाभर गवत. ताईने आल्या आल्या ठरवलं की इथे भाजी लावायची. खोदकाम करणारा एक माणूस दोन दिवस येऊन जमीन उलथीपालथी करून गेला. आणि ताईने, जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी कागदावर उतरवल्या होत्या, पहिल्यांदाच स्वतःच्या जमिनीचा नकाशा काढला. चौकटीच्या कागदावर, प्रमाण लिहून, उत्तर दिशेचा बाण काढून. चार वाफे: बीट, वाटाणा, कोबी, कांदा. प्रत्येक रोपासाठी एक टिंब, प्रत्येक टिंबाला आकडा. रेघ जरा थरथरली होती. धाकटीला ते दिसलं आणि तिने नजर वळवली.

ओळी सरळ याव्यात म्हणून ताईने धाकटीच्या रिळातला पांढरा दोरा मागितला, आणि दोन काड्यांमध्ये तो ताणून त्याच्या खाली बी टाकलं. धाकटीने मातीला हात लावला नाही. तो तिचा जुना नेम होता. रेशमाला खरबरीत बोट चालत नाही, पांढऱ्या लोकरीला नखातला मळ चालत नाही. ती कुंडीलासुद्धा पाणी लांबूनच घालायची.

पण बियांची पाकिटं फोडली त्या दिवशी तिने गुपचूप एक गोष्ट केली. प्रत्येक पाकिटातलं चिमूटभर बी बाजूला काढलं, आणि ताई दुपारी झोपल्यावर, हातावर जुनी पिशवी चढवून, पडवीमागच्या, ताई फिरकत नसे तिथल्या, दोन लाकडी खोक्यांत पेरलं. का, हे तिला सांगता आलं नसतं. कापड हातात आलं की आधी आतली दुमड किती आहे हे बघायचं, काही झालंच तर धागे कुठून काढायचे ते ठरवून ठेवायचं, ही तिच्या बोटांची सवय.

थंडी ओसरली. भिंतीवरच्या उन्हाला ऊब आली. बारा दिवसांनी बीटाची ओळ उगवली, लालसर देठांवर दोन दोन पानं. ताई तासभर बादली पालथी घालून त्यावर बसून बघत राहिली. मग तण उगवलं. वाईट म्हणजे त्यातल्या एका तणाचा देठही तसाच लालसर.

धाकटी मागच्या खोलीत खिडकीशी बसून काम करायची. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी तिने मान वर केली तर ताई तण उपटत होती. दोन काड्या तणाच्या, आणि त्यांच्याबरोबर एक बीट. पुन्हा तण, पुन्हा तण, पुन्हा बीट. सगळं टोपलीत.

 हाक मारावी की नाही, या विचारात धाकटी सुई हातात धरून बसून राहिली. ताई उठून आत गेली. ओळीत दोन रिकाम्या जागा दिसत होत्या, आणि धाकटी त्यांच्याकडे दादाच्या डोळ्यांनी बघत होती. तो येईल, ओळीवर नजर टाकेल आणि म्हणेल, हिला रोप आणि तण यातलं कळत नाही, आणि तू म्हणतेस बरी आहे.

दुपारी ताईचा श्वास संथ झाल्यावर धाकटी उठली. स्वयंपाकघरातला चमचा घेतला. पडवीमागच्या खोक्यातून, त्याच दिवशी पेरलेलं, तेवढ्याच उंचीचं बीटाचं रोप मातीच्या गोळ्यासकट उचललं आणि रिकाम्या जागी बसवलं. मग दुसरं. बोटाने माती दाबली, वाटीने पाणी घातलं, आजूबाजूची माती विस्कटून सारखी केली, पायाचे ठसे मोडले. लांब जाऊन उजेडात बघितलं. कुठे काय झालं होतं ते तिलाही ओळखता येईना. त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी तिला जेवण गोड लागलं.

त्यानंतर ते अंगवळणीच पडलं. सकाळी ताई चुकली की दुपारी धाकटी बुजवायची. कधी बीट, कधी वाटाणा, कधी कोबी. किती वेळा, हे तिने मोजलं नाही. रफू करणारी भोकं मोजत बसत नाही. एक बुजलं की ते विसरायचं आणि पुढचं घ्यायचं.

कोबीच्या वेळी मात्र एक झालं. चार वाजता ताई बागेतून आत आली आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

"तू वाफ्यात काही केलंस का गं?"

धाकटीने हातातला कोट वर धरला. "मी? मी कशाला जाते मातीत. हा बघ, वकिलीणबाईंचा पांढरा कोट आहे हातात."

ताईने कोटाकडे बघितलं, धाकटीच्या स्वच्छ, लिंबू चोळून धुतलेल्या बोटांकडे बघितलं. "हो, खरंच," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

ताई बदलत गेली ती तिथपासून. आधी तिचं बोलणं कमी झालं. मग ती वस्तूंना हात लावून बघायला लागली. खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीला, चहा पिण्याआधी कपाला. जिना उतरताना पायऱ्या पुटपुटत मोजायची. "हे घड्याळ इथेच होतं ना?" असं विचारायची, आणि घड्याळ तिथे वीस वर्षं होतं. रस्ता ओलांडायला निघाली की कडेला उभीच राहायची. मोकळा रस्ता असला तरी. चष्मा दिवसातून दहादा पुसायची, आणि एक दिवस तिने तो पुसणंच सोडून दिलं.

धाकटीने हे सगळं बघितलं आणि तिचं धाबं दणाणलं. आजार पुढे सरकतोय, तिला वाटलं. आतून कसर लागत चाललीय. मग तर बाग अधिकच धड दिसायला हवी. ती आता दुपारची वाट बघत खिडकीशी बसायची, आणि काहीच चुकलेलं नसलं तरी ओळीवरून डोळे फिरवून यायची. रात्री अंग टेकलं की डोळ्यांपुढे ते संस्थेचं फाटक यायचं. तिने ते कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची कडी कशी वाजते हे तिला पाठ होतं. वकिलीणबाई कोट घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. रफू सापडलं नव्हतं, पण बाहीवर अंगठ्याचा मातकट ठसा होता. अडतीस वर्षांतला पहिला डाग. धाकटी काहीतरी पुटपुटली आणि तो ठसा धुताना साबण तिच्या हातून दोनदा मोरीत पडला.

तपासणी शनिवारी होती. दादा सकाळच्या गाडीने येणार होता. शुक्रवारी दुपारी, ताई झोपली असताना, धाकटी रुग्णालयाचे कागद काढायला ताईच्या टेबलाचा खण उघडून बसली.

वरच बागेचा नकाशा होता, घडी घालून. त्याच्याखाली एक वही. वहीत ताईचं अक्षर, कचेरीतल्यासारखं, तारखेवार.

"बीट, ओळ एक, सात आणि नऊ. तण समजून मी उपटली. मुळी लाल दिसल्यावर कळलं. दु. चार वाजता: दोन्ही जागेवर आहेत."

पुढच्या पानावर: "वाटाणा, चौदा. उपटला. टोपलीत टाकला. चार वाजता जागेवर. टोपलीतही आहे."

पुढे: "कोबी, तीन. धाकटीला विचारलं. ती मातीत जात नाही. म्हणजे मी उपटलाच नव्हता? की तिथे नाहीये आणि मला दिसतोय?"

पानं उलटत गेली तसं अक्षर आक्रसत गेलं. "मला दिसतं ते आहेच असं नाही. हात लावून बघायचं." आणि एका पानावर फक्त एवढंच: "धाकटीला सांगायचं नाही. ती घाबरेल."

शेवटी एक बंद न केलेलं पाकीट होतं, दादाच्या नावाचं. ताईने त्याला कळवलं होतं की तिचे डोळे आणि डोकं यांचा मेळ राहिलेला नाही, जमीन एक सांगते आणि नकाशा दुसरं. तेव्हा उद्या तपासणीनंतर तिला सरळ त्या संस्थेतच घेऊन जावं. इथे राहिली तर एखाद्या दिवशी गॅस पेटलाय की नाही हे तिला कळणार नाही आणि धाकटीचा जीव जाईल. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे.

धाकटीने वाकून बघितलं. पलंगाखाली बॅग होती.

ती जमिनीवरच बसली.  त्या कोटवाल्या माणसाचा गोरामोरा चेहरा तिला आठवला, किती वर्षांनी. माझ्या कोटाला भोक होतं, तो म्हणत होता, आणि सगळे हसत होते.

खरं सांगितलं तर दादाला सगळं कळणार. ताई रोपं उपटते हे, आणि आपण दोन महिने लपवलं हे. मग तर तो ताईला नेणारच, आणि धाकटीला तोंड उघडायची सोय राहणार नाही. नाही सांगितलं तर ताई स्वतःच्या पायाने जाणार. दोन्हीकडे तेच फाटक. पण एका बाजूला ताई शहाणी म्हणून आत जाणार होती, आणि दुसऱ्या बाजूला वेडी म्हणून. आणि तिला वेडी करणारे हात धाकटीचे होते.

चार वाजता ताई उठली. नेहमीसारखी भिंतीला हात लावत बागेच्या दारापर्यंत आली. धाकटी तिथेच उभी होती, पदराला गाठी मारत.  शेवटी ती जमिनीकडे बघत बोलली.

"ताई, ती रोपं मी लावली."

"कुठली?"

"तू उपटायचीस ती. तू झोपलीस की मी नवी लावायचे. बीट, वाटाणा, कोबी. सगळी मीच."

 ताईने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. माया म्हणून नव्हे, खुर्चीला लावायची तसाच, खरी आहे का बघायला.

"तू मातीत हात घालत नाहीस," ती सावकाश म्हणाली.

"घातला."

"मी विचारलं होतं तुला."

"खोटं बोलले."

धाकटीने तिला हाताला धरून पडवीमागे नेलं. तिथे ती दोन खोकी होती. ओळी अर्ध्या रिकाम्या, जिथून रोप उचललं तिथे चमच्याच्या आकाराचे खड्डे. चमचा तिथेच मातीत खोचलेला होता. ताईने वाकून एकेका खड्ड्यात बोट घातलं. सगळ्या खड्ड्यांत. मग ती बागेत येऊन पालथ्या बादलीवर बसली.

"काल मी दूधवाल्याच्या दंडाला हात लावून बघितला," ती म्हणाली. "तो आहे का म्हणून. काय म्हणाला असेल तो मनात."

धाकटीला रडू आवरेना. "मला वाटलं तुला कळतच नाही, उपटतेस ते."

"लाल मुळी हातात आल्यावर कळणार नाही? वाचा गेली होती माझी, अक्कल नव्हती गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घाबरशील म्हणून. आणि तू का नाही बोललीस?"

 उत्तर दोघींचं एकच होतं. कुंपणावर एक मधमाशी आली, कुठल्या फुलावर बसावं ते न कळून निघून गेली.

मग ताई उठली. भिंतीला हात न लावता आत गेली आणि नकाशा, वही आणि लाल पेन्सिल घेऊन आली. "एकेक दाखव," ती म्हणाली. आणि इथे धाकटीची पंचाईत झाली, कारण तिलाच दाखवता येईना. इतकं बेमालूम काम केलं होतं तिने. शेवटी वहीतली तारीख आणि आकडा वाचून, ताईच्याच नोंदींवरून, दोघींनी एकेक जागा शोधली. ताईने प्रत्येक ठिकाणी टिंबाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि त्यात आठवडा लिहिला.

सतरा वर्तुळं झाली. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"पहिल्या आठवड्यात पाच," ती म्हणाली. "मग चार. मग तीन. दोन, दोन. त्यानंतरच्या आठवड्यात एकही नाही. या आठवड्यात एक." ती धाकटीकडे बघत राहिली. "मी सुधारत होते गं. आणि मलाच दिसू दिलं नाहीस."

दादा आला तेव्हा टेबलावर चहा होता आणि चहाशेजारी नकाशा. धाकटीने सगळं सांगितलं, उभ्याने, दोन्ही हात मागे धरून, शाळेत शिक्षा म्हणून उभं केल्यासारखं. दादाचा आवाज चढला. घरात काय चाललंय हे कळायला त्याच्याकडे धाकटीचा शब्द सोडून दुसरं काय होतं, आणि तोच खोटा निघाला, असं तो म्हणाला.  ताईने त्याला बोलू दिलं आणि मग ते पाकीट स्वतःच फाडून कपाच्या बशीत ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी नकाशा उलटासुलटा करून बघितला. रोप आहे हे कधी कळायचं, त्यांनी विचारलं. हातात आल्यावर, ताई म्हणाली. लगेच? लगेच. हात पुढे आहेत, डोळे मागून येतायत, असं काहीसं त्या म्हणाल्या. येतीलच असं लिहून देता येत नाही, पण हा कागद तीन महिन्यांनी पुन्हा घेऊन या. आणि धाकटीकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्ही काय काम करता? धाकटीने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तिथे करा, इथे नको.

दादा एकटाच परत गेला. तीन महिने, त्याने सांगितलं, आणि दर रविवारी फोनवर खरा आकडा. ताईचा नाही, धाकटीचा शब्द मला ऐकायचाय. गाडी सुटेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता आणि त्या नजरेत विश्वास नव्हता. निदान थट्टाही नव्हती.

सोमवारी सकाळी धाकटी खिडकीशी एक करडा कोट घेऊन बसली होती. बाहेर बीटाची पानं तळहाताएवढी झाली होती. ताई ओळीच्या टोकाशी वाकली, तण उपटलं, पुन्हा उपटलं, आणि तिसऱ्यांदा तिच्या हातात लालबुंद मुळी आली, सुपारीएवढी.

ती तशीच थांबली. मग वळली आणि ते बीट पानांना धरून वर उचललं, खिडकीतून नीट दिसेल असं.

धाकटीने ते बघितलं. रविवारी हे सांगावं लागणार. दादा फोनच्या पलीकडे गप्प होईल. पडवीमागे अजून सहा रोपं उरली होती, तिला ती डोळे मिटूनही मोजता आली असती. बोटं शिवशिवली. तिने सुई करड्या कापडात खोचली, हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

दुपारी ताई झोपली. धाकटी खिडकीपासून हलली नाही.

चार वाजता ताई बाहेर आली, ओळीशी गेली, आणि सकाळच्या जागी बोट घातलं. खड्डा होता. तिने वही काढून काहीतरी लिहिलं, आणि मग रस्त्यापलीकडच्या दुकानातून पाव आणायला निघाली, एकटी. कोपऱ्यावर एक गाडी येत होती. ताई कडेला थांबली, ती जाऊ दिली आणि मग पलीकडे गेली. धाकटी दारातून बघत होती. तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं, पण तिने हाक मारली नाही.